‘हिचे केस गळत नाहीत’ म्हणे!

मैत्रिणींनो, वैशाखातल्या एका सकाळची गोष्ट सांगते. गच्चीवर धुतलेल्या जुन्या साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चष्मा लावून एकेक कुरडई उलटत होत्या. मधेच त्या थांबल्या. एका कुरडईतून त्यांनी चिमटीनं काहीतरी ओढून काढलं आणि उन्हात धरलं. पांढुरकं, वळणदार, बोटभर लांब.

“ही कुरडई नव्हं,” त्या शांतपणे म्हणाल्या, “ही तुमची शेवई.”

शेवई म्हणजे आमची कुत्री. अंगावरच्या वळ्यावळ्यांच्या केसांमुळे धाकट्या लेकीनं हे नाव ठेवलं. नाव ठेवलं तेव्हा कौतुक वाटलं होतं. पुढं तेच केस गादीवर, गणवेशावर, देवघरातल्या समईच्या तेलात आणि कुरडईतही सापडायला लागले, तेव्हा मात्र कौतुक बाजूला राहिलं आणि मी कपाळाला हात लावला.

आता तुम्ही म्हणाल, कुत्रं म्हटलं की केस आलेच, त्यात लिहिण्यासारखं काय? आहे. कारण ‘हिचे केस गळत नाहीत’ या एका वाक्यावर आम्ही ही कुत्री घरात घेतली होती. आणि त्या वाक्यावर आम्ही भरवसा ठेवला होता तो आमच्या धाकटीच्या छातीसाठी.

ती घरात कशी आली

आमचं लोणी हे आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागातलं गाव. तालुक्याचा डिंभे धरणाच्या पाण्याखालचा भाग हिरवागार. आमची लोणी-धामणीची बाजू मात्र कोरडवाहू, पावसावर डोळे लावून बसणारी. शेजारच्या धामणीत खंडोबाचं देवस्थान आहे. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंच, त्यामुळे आमच्याकडे कुत्र्याला कुणी हाड्‌ हाड्‌ करत नाही. पण ते असायचं अंगणात, फार तर ओसरीच्या पायरीवर. कुत्रं घरात घ्यायचं, ही कल्पना आत्याबाईंना आजही पुरती पटलेली नाही.

धाकटीला लहानपणापासून बाळदमा. हवा बदलली, धूळ उडाली की छातीत शिट्टी वाजायला लागते. तिला कुत्र्यांचं भारी वेड, आणि आम्ही सतत ‘नको’ म्हणायचो. माझे धाकटे दीर पुण्यात नोकरीला आहेत. ते दिवाळीला येताना टोपलीतून दोन महिन्यांचं पिल्लू घेऊनच आले. “वहिनी, घाबरू नका. ही लॅब्राडूडल आहे. अर्धी लॅब्राडोर, अर्धी पूडल. हिचे केस गळत नाहीत, दमेकऱ्यांच्या घरातही चालते, असं विकणाऱ्यानं खात्रीनं सांगितलंय.” खात्रीचे पैसेही त्यानं भरपूर घेतले होते.

पहिले काही महिने खरंच काही त्रास नव्हता. मी सगळ्या आळीला सांगत सुटले होते. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी, ती सात-आठ महिन्यांची झाल्यावर, केर काढताना सुपलीत पांढरे पुंजके दिसायला लागले. आधी वाटलं, उशीचा कापूस निघतोय. उशी उसवून पाहिली. उशी बिचारी निर्दोष होती!

हे वचन आलं कुठून?

मी खोदूनखोदून वाचलं, तेव्हा एक मोठी मजेची आणि विचार करायला लावणारी हकिगत हाती आली.

ऑस्ट्रेलियात अंध माणसांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणारी एक संस्था आहे. तिथं वॉली कॉनरॉन नावाचे गृहस्थ पैदाशीचं काम पाहायचे. १९८० च्या दशकात हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंनी त्यांच्याकडे मागणी केली – मला वाटाड्या कुत्रा हवा, पण माझ्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांचं वावडं आहे. कॉनरॉननी आधी पूडल जातीचे कितीतरी कुत्रे पारखले. एकही त्या कामाला उतरला नाही. शेवटी १९८९ मध्ये त्यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला त्या नवऱ्याकडे तपासायला पाठवली. तिघांपैकी एकाचाच त्याला त्रास झाला नाही. तो सुलतान नावाचा कुत्रा पुढं त्या बाईंकडे गेला.

नीट लक्ष द्या हं. तिघांपैकी एक! पुढच्या वेळी दहा पिल्लं झाली, त्यांतली तीनच तशी निघाली, असं कॉनरॉननी स्वतःच सांगितलेलं आहे. म्हणजे ज्यानं हा संकर जगापुढं आणला, त्यानंही ‘सगळी पिल्लं बिनगळतीची’ असं म्हटलं नव्हतं. पण ‘लॅब्राडूडल’ हे नाव लोकांना आवडलं, मागणी वाढली, आणि तपासणी करायची राहून नुसतं वचन तेवढं विकलं जाऊ लागलं. पुढं २०१९ मध्ये कॉनरॉननी या सगळ्याचा आपल्याला पस्तावा होतो, असं उघड बोलून दाखवलं.

एक पिल्लू एका माणसाला चाललं, एवढीच मूळ गोष्ट. ती फिरत फिरत पुण्यातून लोणीत आली, तेव्हा तिचं ‘हिचे केस गळत नाहीत’ असं झालं होतं.

मेंढपाळमामांना कळलं ते

आमच्या भागात मेंढरं पाळणारी घरं आहेत. असेच एक मामा दुधाच्या निमित्तानं आमच्या ओसरीवर टेकतात. मी त्यांच्यापुढं गाऱ्हाणं घातलं, तर ते खो खो हसले.

“आवं वैनी, मेंढराची लोकर कधी गळती का? न्हाई गळत, म्हणून तर वर्साला दोनदा कातरावी लागती. शेळीचं केस मातुर गळत्यात. आन्‌ दख्खनी मेंढीला माडग्याळ नर लावला, की कोकरू कुणावर जाईल? एक आईवर, एक बापावर, एक अधलंमधलं. लोकर हुईल का न्हाई, ते कोकरू मोठं झाल्याबिगर कोन सांगनार?”

पुस्तकातली चार पानं वाचून मला जे उमगलं नव्हतं, ते मामांनी चहाच्या एका कपात समजावलं. कुत्र्याचंही असंच आहे. लॅब्राडोरच्या अंगावर दोन थर असतात. वर राठ केस आणि आत दाट मऊ लव. ही लव सतत झडते. पूडलचे केस मेंढीच्या लोकरीसारखे वाढत राहतात. तेही तुटतात-सुटतात, पण खाली न पडता कुरळ्या वळ्यांतच अडकून बसतात. म्हणून ते ‘गळत नाहीत’ असं वाटतं. पण मग ते रोज विंचरावे लागतात आणि ठराविक दिवसांनी कातरावे लागतात. न विंचरलेल्या केसांची घट्ट जट होते आणि खाली कातडी सडायला लागते. म्हणजे केस न गळणारं कुत्रं हे कामाला कमी, असं मुळीच नाही. कुंचा हातातून सुटतो आणि कंगवा हातात येतो, एवढंच!

२००९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की कुत्र्यांच्या अंगावरच्या केसांचे बहुतेक सगळे प्रकार अवघ्या तीन जनुकांच्या जुळणीतून होतात. एक केसांची लांबी ठरवतं, दुसरं कुरळेपणा, आणि तिसरं मिशा-दाढी-भुवयांचे झुपके. ज्या कुत्र्यांना असे झुपके असतात, त्यांचे केस सहसा कमी गळतात. आता आमची शेवई पाहा. अंग कुरळं, पण तोंड अगदी लॅब्राडोरसारखं गुळगुळीत. दाढी नाही की मिशी नाही. जाणकारानं तोंडाकडे बघूनच सांगितलं असतं, की ही आईवर गेली आहे, गळणार!

केस वेगळे, वावडं वेगळं

पावसाळा सुरू झाला आणि धाकटीची छाती पुन्हा वाजायला लागली. आठवड्यात दोन-दोन रात्री ती उठून बसायची. घरात सगळ्यांच्या नजरा शेवईकडे वळल्या. हे म्हणाले, “सोडून येऊ कुणाच्या तरी वस्तीवर.” धाकटी त्या रात्री जेवली नाही. आत्याबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा जास्त भीती वाटते. मला तर अपराधी वाटत होतं. लेकीची छाती आणि लेकीचा जीव जिथं जडलाय ते जनावर, यांतलं एक निवडायची पाळी आईवर यावी, यासारखं दुसरं अवघड नाही.

शेवटी तिला पुण्याला ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे नेलं. हातावर बारीक टोचून कशाकशाचं वावडं आहे ते पाहिलं. निकाल आला – गादी-उशीतल्या धुळीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचं वावडं जोरदार, आणि कुत्र्याचं थोडं. “थोडं म्हणजे नाही असं नव्हे,” डॉक्टर म्हणाले.

तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट प्रत्येक आईनं लक्षात ठेवावी अशी आहे. वावडं असतं ते केसांचं नसतंच! ते असतं कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असणाऱ्या प्रथिनांचं. कुत्रं अंग चाटतं, लाळ वाळते, तिची आणि कोंड्याची बारीक पूड हवेत उडते. केस हे नुसतं वाहन. म्हणून केस कमी गळणाऱ्या कुत्र्याच्या घरात केर कमी निघेल, पण त्रास कमी होईलच असं नाही.

याचे पुरावेही आहेत. अमेरिकेत डेट्रॉइटच्या संशोधकांनी २०११ मध्ये कुत्रं असलेल्या १७३ घरांतली धूळ तपासली. ‘वावडं न होणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या घरांत आणि साध्या कुत्र्यांच्या घरांत या प्रथिनाच्या प्रमाणात ठळक फरक सापडला नाही. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासात तर लॅब्राडूडल आणि पूडल यांच्या केसांवर हे प्रथिन साध्या कुत्र्यांपेक्षा जास्तच आढळलं. आणखी एक गंमत – यातलं एक प्रथिन फक्त नर कुत्र्याच्याच शरीरात तयार होतं. काही माणसांना तेवढ्याचंच वावडं असतं. त्यांना मादी कुत्री चालून जाते. म्हणून अंदाज बांधत बसू नये, तपासणी करून घ्यावी.

डॉक्टरांनी आम्हाला तीन महिने दिले. कुत्री झोपायच्या खोलीत येता कामा नये, धुळीचा बंदोबस्त करायचा, औषधाचा पंप एक दिवसही चुकवायचा नाही, आणि रोज वहीत लिहायचं – रात्री छाती वाजली का, पंप किती वेळा लागला. “तीन महिन्यांनी वही सांगेल ते करायचं,” ते म्हणाले. “वही कुत्रीच्या विरोधात गेली, तर मात्र कुत्री दुसऱ्या घरी. मुलीच्या फुप्फुसापेक्षा काही मोठं नाही.” आम्ही दोघांनी मान हलवली. धाकटीनंही हलवली, आणि मग बाहेर येऊन रडली.

“बाहेर बांधा की!”

हा सल्ला आम्हाला शंभर जणींनी दिला असेल. शहरातल्या मैत्रिणींना तो अगदी सोपा वाटतो. पण आमच्याकडे रात्री कुत्रं बाहेर बांधणं म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवणं.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके जुन्नर वनविभागात येतात. धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला आणि त्या उसातच बिबट्यांच्या पिढ्या जन्मू लागल्या. जुन्नरजवळ माणिकडोहला तर बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. आमच्या बाजूला ऊस कमी, पण बिबट्याला गावांच्या शिवा कुठं ठाऊक! शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की वजनाच्या हिशेबानं बिबट्याच्या खाण्यातला ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. शेळ्या-मेंढ्यांचा वाटा त्याहून बराच कमी. आणि कुत्र्याच्या ओढीनं बिबट्या दारापर्यंत आला, तर दारात माणसंही असतात.

मग आम्ही सुवर्णमध्य काढला. पुढच्या पडवीला खालपासून वरपर्यंत लोखंडी जाळी होतीच. तिला मजबूत कडी बसवली, आडोशाला लाकडी खोकं ठेवलं. शेवई रात्री तिथं. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली तिला कायमची बंद. पहिल्या दोन रात्री तिनं दार खरवडलं. तिसऱ्या रात्री आत्याबाई स्वतःचं जुनं लुगडं घेऊन गेल्या आणि खोक्यात अंथरून आल्या. “थंडी वाजत आसंल,” एवढंच म्हणाल्या.

घर कसं सांभाळलं

आता ज्यासाठी तुम्ही हा लेख वाचताय ते सांगते. यातलं काही डॉक्टरांनी सांगितलं, काही जनावरांच्या डॉक्टरांनी, आणि बरंचसं चुकतमाकत शिकले.

रोज दहा मिनिटं विंचरणं. अंगणात किंवा पडवीतच. आधी रुंद दातांचा कंगवा, मग वाकड्या तारांचा ब्रश. नुसतं वरवर न फिरवता केसांचे भाग पाडून मुळापर्यंत विंचरावं. कंगव्यात आलेले केस तेवढेच घरात पडायचे वाचतात. कानामागं, काखेत आणि मांड्यांच्या आत जट लवकर होते, तिथं हात लावून पाहावं. वावडं असलेल्यानं हे काम करू नये. आमच्याकडे ते थोरलीकडे आहे.

कोरडा कुंचा नको. सपसप झाडलं की केस पुढं आणि कोंडा वर. आधी घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यानं फरशी पुसून घ्यावी. केसांच्या आपोआप वळ्या होतात. त्या उचलाव्या आणि मग नेहमीसारखं पुसावं. मूल शाळेत गेलं की हे काम उरकावं.

रबरी हातमोजा. भांडी घासायचा मोजा किंचित ओला करून गादीवर, सोफ्यावर, गाडीच्या सीटवर एकाच दिशेनं फिरवा. अडकून बसलेले केस गोळा होऊन येतात. महागड्या यंत्रापेक्षा मला हेच बरं वाटतं.

कपडे आधी झटका, मग भिजवा. केस ओले झाले की कापडात रुततात. धुलाईयंत्र असेल तर त्याची जाळी दर धुण्यानंतर साफ करा. शाळेचे गणवेश उघड्या दोरीवर न ठेवता वाळल्याबरोबर कपाटात.

गाद्या-उशा-गोधड्या. आमच्या बाबतीत खरा चोर इथंच होता! उशीचे अभ्रे आणि चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात धुते, गाद्यांना कडक ऊन देते. जाजम आणि जाड पडदे काढून टाकले. कुत्री नसती तरी हे करावंच लागलं असतं.

आंघोळ. कुत्र्याला आंघोळ घातली की लाळ-कोंड्याचं प्रमाण घटतं, पण ते थोड्याच दिवसांत पूर्ववत होतं. फार वेळा धुतलं तर कातडी कोरडी पडून कोंडा वाढतो. म्हणून किती वेळा, ते आपल्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. माणसांचा साबण किंवा शांपू लावू नका. त्यांची कातडी वेगळी असते. जट असेल तर आंघोळीआधी सोडवा, भिजल्यावर ती आणखी आवळते. आणि पावसाळ्यात आतली लव नीट कोरडी करा, नाहीतर वास आणि खाज दोन्ही सुरू होतात. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी लावायला विसरू नका.

सगळा चकोट नको. उन्हाळा आला म्हणून मुळापासून भादरू नका. लॅब्राडोरच्या वळणाचे दुहेरी केस उन्हापासून कातडीला आडोसा देतात. पोट, पंजे आणि शेपटीखालचे केस कमी केले तरी पुष्कळ.

वाळवणं. कुरडया-पापड-शेवयांवर आता पातळ मलमल ताणून बांधते, आणि गच्चीचं दार बंद. इतकी साधी गोष्ट आधी का सुचली नाही, असं आत्याबाईंनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं!

पोटात केस गेला तर?

ही भीती आपल्या सगळ्या बायकांना असते. खरं सांगायचं तर एखादा केस पोटात गेला म्हणून काही होत नाही. तो पचत नाही, तसाच निघून जातो. भीती बाळगायची ती केसाला चिकटून येणाऱ्या जंतांच्या अंड्यांची. मेंढ्या-शेळ्यांच्या भागात हे अधिक महत्त्वाचं आहे. जत्रेत किंवा घरी बकरं कापलं की काळीज, फुप्फुस असे टाकाऊ भाग कुत्र्यापुढं कच्चे टाकायची पद्धत आहे. त्यातून कुत्र्याच्या पोटात एक बारीक जंत वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, अंगाच्या केसांना लागतात, आणि आपल्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. तेव्हा कच्चं आतडं-काळीज कुत्र्याला कधीही घालू नका, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी जंताचं औषध द्या, रेबीजची लस दर वर्षी न चुकता टोचा, आणि कुत्र्याला हात लावल्यावर मुलांचे हात साबणानं धुवा.

गळती सर्वांगावर सारखी असेल, कातडी स्वच्छ असेल आणि जनावर खेळतं-खातं असेल, तर ती नैसर्गिक आहे. ऋतू बदलताना, माज येऊन गेल्यावर किंवा पिल्लं झाल्यावर ती वाढते. पण एके जागी टक्कल, गोल चट्टे, खवले, सतत खाजवणं, लाल कातडी, वास – यांतलं काही दिसलं तर थेट जनावरांचा दवाखाना गाठा. खरूज, गोचिडांचा त्रास किंवा नायटा असू शकतो. नायटा तर कुत्र्याकडून मुलांना लागतो. घरच्या घरी रॉकेल, जळकं तेल असलं काही लावू नका. कुत्रं ते चाटतं आणि जिवावर बेततं.

पिल्लू घ्यायचं ठरवत असाल तर

‘अमुक क्रॉसचे केस गळत नाहीत’ असं कुणी सांगितलं, तर त्याला विचारा – याचे आईबाप दाखवता का? आधीच्या वेताची मोठी झालेली पिल्लं कुणाकडे आहेत? पिल्लाला दाढी-मिशांचे झुपके आहेत का? दोन महिन्यांच्या पिल्लाच्या अंगावर बाळकेस असतात. खरे केस सहाव्या महिन्यानंतर, कधी वर्षभराने येतात. तोवर कुणी कितीही खात्री दिली तरी ती खात्री नव्हे, अंदाज आहे.

आणि घरात कुणाला दमा असेल, तर पैसे देण्याआधी डॉक्टरांकडे जा, आणि ज्या घरात तसं मोठं कुत्रं आहे तिथं चार-पाच वेळा मुलाला घेऊन बसा. त्रास होतोय असं दिसलं, तर मुलानं कितीही हट्ट केला तरी ‘नको’ म्हणा. आज नाही म्हणणं सोपं असतं. वर्षानं, जीव जडल्यावर नाही म्हणणं काय असतं, ते मला विचारा.

वही काय म्हणाली

तीन महिन्यांनी वही घेऊन आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. पहिल्या महिन्यात अकरा रात्री छाती वाजली होती. दुसऱ्या महिन्यात पाच. तिसऱ्यात दोन, आणि त्यातली एक दिवाळीच्या फटाक्यांच्या धुराची. डॉक्टरांनी पानं उलटली, फुंकर मारायला लावून तपासणी केली आणि म्हणाले, “सध्या राहू दे. पण वही बंद करायची नाही.”

म्हणजे निकाल कायमचा लागलेला नाही, याची मला जाणीव आहे. उद्या वही उलटी बोलायला लागली, तर काय करायचं हे घरात ठरलेलं आहे. माझ्या बहिणीच्या घरी शेवईची सोय होईल, आणि धाकटीला दर सुटीत तिथं जाता येईल. धाकटीला हे आम्ही लपवलेलं नाही. आणि हेही सांगते – शेवई आली आणि औषधाचा पंप वेळेवर घ्यायची सवय लागली, हे दोन्ही एकाच वर्षात घडलं. कुत्री घरात राहावी म्हणून आमची पोर आता न सांगता पंप घेते. पूर्वी मी मागं धावायचे.

केस मात्र गळतात. आजही सकाळी मूठभर निघाले. मेंढपाळमामा जाता जाता म्हणतात, “वैनी, साठवून ठिवा, घोंगडं व्हईल.” आत्याबाई वरून ‘अगंबाई’ म्हणतात, चेहरा वाकडा करतात. पण संध्याकाळी पडवीची कडी लागली की नाही, हे उठून बघायला त्याच जातात. कडी हलवून पाहतात, आत हात घालून शेवईच्या डोक्यावर थोपटतात, आणि मग लुगड्यावरचे केस झटकत घरात येतात.